गनीचाचांचा ब्रश

पनवेल,
शुक्रवार

प्रिय कल्पेश,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि परवाच्या रविवारी मी करंजाड्याला तुझ्या दारात उभी राहिले तर भावनाने दार अर्धंच उघडलं आणि "ताई, हे बाहेर गेलेत" म्हणाली. तुझे बूट दारातच होते, रे. ते पांढरे, जाड तळव्याचे. आत मॅच चालली होती आणि मी बोलायला लागल्याबरोबर कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. बिचारी भावना माझ्याकडे न बघता पायाने पायपुसणं सरळ करत राहिली. स्वतःच्या बायकोला खोटं बोलायला दारात उभं करायचं आणि आपण आत सोफ्यावर बसायचं! मला आली ती शिसारी जिना उतरून रिक्षात बसले तरी जाईना. म्हणून हे पत्र. भावनाच्या हातात देणार आहे. तिला सांगून ठेवलंय, त्याने वाचलं नाही तर त्याच्या समोर बसून मोठ्याने वाच.

पत्र त्या ब्रशांबद्दल आहे हे तू ओळखलंच असशील. बाहेर कोणाला सांगितलं तर हसतील. जमिनीवरून, फ्लॅटवरून, आईच्या दागिन्यांवरून बोलणं तुटलेली भावंडं या पनवेलमध्ये गल्लोगल्ली आहेत. दाढीच्या ब्रशावरून तुटलेली आपणच. पण तुला आणि मला माहीत आहे की प्रश्न ब्रशाचा राहिलेला नाही.

बाबा दुकान कसं चालवायचे ते तुला आठवतं का, खरंच विचारते. गुडघा गेला म्हणून करंज्याच्या बंदरावरची होडी सोडलेला तो काशिराम कोळी पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर हातगाडीवर न्हाव्यांना साबण, वस्तरे आणि ब्रश विकायला लागला, तेव्हा त्याला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मासळी विकणाऱ्या घरातला माणूस. माल गिऱ्हाइकाला उलटापालटा करून, कल्ले उघडून दाखवल्याशिवाय विकायचा नसतो एवढं त्यांना कळत होतं. म्हणून ब्रशही ते तसाच दाखवायचे. गल्ल्याशेजारी पाण्याचा वाडगा असायचा. ब्रश घ्यायचा, त्यात बुडवायचा, अंगठ्याने दाबायचा, केस ओढून बघायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या तळहातावर गोल फिरवायचा. टोचतोय का? गळतोय का? वास येतोय का? नेलेला ब्रश महिनाभराने केस टाकत परत आला तरी बाबा दुसरा काढून द्यायचे, वर "तुमाला परत यावा लागला" म्हणून स्वतःच ओशाळायचे. दुकान मोठं झालं, बाजारपेठेत आलं, पाटीवर आईचं नाव लागलं, 'ठमाई स्टोअर्स', तरी तो वाडगा हलला नाही.

आणि गनीचाचा. गनीभाई मुकादम, एसटीच्या वर्कशॉपमधले. हातगाडीच्या दिवसांपासूनचं गिऱ्हाईक. पांढरी दाढी नीट राखायची, गाल आणि गळा रोज तुळतुळीत करायचा, आणि ब्रश घेताना एकच प्रश्न: "काशिराम, डुकराचा नाही ना?" आता डुकराच्या केसाचा ब्रश वाईट असतो असं नाही. चांगल्या प्रतीचा असेल तर त्याच्यासारखा फेस दुसरा कुठला काढत नाही, न्हाव्यांना तोच लागतो, आणि बाबा तो विकायचेच. पण सांगून विकायचे. मी शाळेतून येऊन दुकानात बसायचे तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय, "ह्यो डुकराचा हाय गनीभाय, तुमच्या कामाचा नाय. पुडल्या आठवड्यात घोड्याच्या केसाचा येल, तवा या." हातातलं गिऱ्हाईक परत पाठवायचे. आणि गनीचाचा पुढच्या आठवड्यात यायचे, दुसऱ्या दुकानाची पायरी न चढता. आपल्या बापाने त्या माणसाला एवढंच दिलं होतं, की या दुकानात विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

बाबा गेल्यावर तू खरेदी हातात घेतलीस. बेलपाड्याला गाळा घेतलास, ऑनलाइन सुरू केलंस, मला काउंटर दिलास. मला त्यात काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तुला जमतं ते तू कर, मला माणसांशी बोलायला आवडतं, मी इथे बसते. मग तू एक दिवस येऊन वाडगा उचललास. म्हणालास, ताई, हे गावठी दिसतं, आता सीलबंद माल, पेटी उघडली की माल खराब. भिंतीवर 'विकलेला माल कोणत्याही कारणाने परत घेतला जाणार नाही' अशी लाल अक्षरांची पाटी ठोकलीस, खिळा मीच तुझ्या हातात दिला. दिवाळीनंतर त्या काळ्या चकचकीत पेट्या आल्या. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात हिरवं पान, 'मऊ सिंथेटिक ब्रश, प्राण्यांच्या केसांपासून मुक्त'. दिसायला सुरेख होत्या. मी त्या कौतुकाने काचेत मांडल्या.

रमजानच्या आधी गनीचाचा आले. चष्मा लावून पेटी फिरवून फिरवून वाचली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, चाचा, इथे लिहिलंय की. तर म्हणाले, "लिहिलेलं नको बेटी, तुझ्या बापासारखं तोंडानं सांग." मला वाटलं, खात्री करून घ्यावी. म्हणून त्यांच्यासमोर तुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तू गाडी चालवत होतास, हॉर्न ऐकू येत होते. मी विचारलं, कल्पेश, हे काळ्या पेटीतले नक्की सिंथेटिक ना, गनीचाचा विचारतायत. तू एक क्षणही थांबला नाहीस. "चाचा, एकदम प्युअर सिंथेटिक. बिनधास्त न्या. आईशप्पथ!" हेच शब्द. गनीचाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "आईची शपथ घेतली पोरानं, अजून काय पाहिजे." ब्रश कापडी पिशवीत घातला आणि गेले. आई मागे स्टुलावर बसून साबण मोजत होती. तिनेही ऐकलं.

ईद होऊन आठवडा झाला असेल, त्या काळ्या पेटीतला एक ब्रश परत आला. खांदा कॉलनीतले एक मास्तर, रागाने लाल. केस गळतात, गालाला चिकटतात आणि ओला झाला की कुत्र्यासारखा वास येतो, असं म्हणाले. तुझ्या पाटीकडे बोट दाखवून त्यांना परत पाठवायला हवं होतं म्हणे मी. नाही पाठवलं. पैसे दिले आणि ब्रश ठेवून घेतला. आईने तो तिच्या सवयीने पाण्याच्या मगात टाकला आणि तिथून उठून सरळ दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. करंज्याच्या बंदरावर जन्म काढलेली बाई, सुकत घातलेल्या बोंबलांखाली झोपलेली. तिला कधी कसल्या वासाने नाक दाबताना मी पाहिलं नव्हतं. ती पदर नाकाला लावून म्हणाली, "ह्यो मासलीचा वास नाय, किशोरे. जनावराचा हाय. मेल्या जनावराचा."

मग मी ते केलं जे बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. चार केस उपटले आणि काडी लावली. प्लास्टिक असतं तर वितळून त्याचा मणी झाला असता. तसं झालं नाही. केस चरचरत जळाले आणि दुकानभर करपलेल्या केसांचा वास पसरला. मी काचेतली दुसरी पेटी फोडली, तिसरी फोडली. सगळीकडे तेच. कमी प्रतीचे, नीट धुतलेले नाहीत, कापून सारखे केलेले राठ केस. ओला केल्याशिवाय त्यांचा वास येत नव्हता, आणि ओला करायचा वाडगा तू उचलला होतास. हात साबणाने कितीदा धुतले तरी बोटांना तो वास येतोय असं मला वाटत राहिलं. त्या दिवशी जेवले नाही.

तुला फोन केला तेव्हाही माझी एक वेडी आशा होती, की तुलाही कोणीतरी फसवलं असेल. तू हसलास. "अगं ताई, एवढं काय! या भावात डुकराचेच केस येतात. माल तसाच आला, पेटी मी इथे छापून घेतली. हिरवं पान दिसलं की दुप्पट भावाने उचलतात लोक." मी म्हटलं, आणि गनीचाचा? तू म्हणालास, "कोण गनीचाचा?" कल्पेश, त्या माणसाच्या खांद्यावर बसून तू एसटीच्या वर्कशॉपमध्ये बस धुताना बघितली आहेस. मी आठवण करून दिल्यावर म्हणालास, "बरं मग? त्यांना कोण सांगायला जाणार आहे? तू?" आणि "शपथेचं काय घेऊन बसलीस, बोलायची पद्धत असते ती." हे ऐकताना मला तुझी लाज वाटली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. लाज आपल्या माणसाची वाटते. मला किळस वाटली, अंगावर काहीतरी ओलं पडावं तशी.

सांगायला मीच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान न उघडता. गनीचाचा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, सूनबाई कपडे वाळत घालत होती. नुकतीच दाढी केलेली, गाल चमकत होते. त्यांनी "ये बेटी" म्हणून हसून बोलावलं आणि मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर जमलं नसतं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. म्हणाले, "कुठला ब्रश?" मी पुन्हा सांगितलं. पेपर त्यांच्या मांडीवरून खाली घसरला. "तो वास यायचा त्याला," असं ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं नवा आहे, जाईल. अत्तर लावून ठेवायचो." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "सगळा रमजान, पोरी. सगळा रमजान मी तो तोंडाला लावला."

ते उठले. सुनेला म्हणाले, मोगऱ्याच्या कुंडीतली माती आण. तिने का म्हणून विचारलं नाही, तिने सगळं ऐकलं होतं. अंगणातल्या नळाखाली ते वाकले आणि चेहऱ्याला माती लावली. डुक्कर अंगाला लागलं तर त्यांच्यात तसंच धुवायचं असतं, सात वेळा, त्यातल्या एका वेळी मातीने. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, आपल्या बापाचा मित्र, गालाला चिखल लावून डोळे मिटून उभा होता, आणि दाढीतून गढूळ पाणी सदऱ्यावर उतरत होतं. मी तिथे उभी राहून ते बघितलं. निघून जाणं बरं दिसलं नसतं आणि थांबणं सोसवत नव्हतं. सात वेळा झाल्यावरही ते धूतच राहिले. शेवटी सुनेने नळ बंद केला. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तोंड पुसता पुसता फक्त एवढं म्हणाले, "ज्या तोंडानं आईची शपथ घेतली, त्या तोंडाला कधी कशाची चव लागू नये." आणि आत गेले. दार सुनेने लावलं.

मशिदीतल्या मौलानांनी त्यांना समजावलं म्हणे, की नकळत झालं, तुमच्यावर गुनाह नाही, नमाज फिरून पढायची गरज नाही. त्यांच्या मनाला ते पटलं नाही. सूनबाई मला भाजीवाल्याकडे भेटली, तिने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं नाही हे तिचे उपकार. ती सांगत होती की अब्बा रमजानभरच्या सगळ्या नमाजा पुन्हा पढतायत, रोज थोड्या थोड्या. गुडघे सुजलेत, तरी खुर्चीवर बसून पढा म्हटलेलं ऐकत नाहीत. तू तिकडे मॅच बघत होतास तेव्हा इथे हे चाललं होतं, कल्पेश. तू हॉर्न वाजवत वाजवत बोललेल्या एका शब्दापायी.

मी तुझी लाल पाटी काढली. त्या जागी नवी लावली, स्वतःच्या हाताने लिहून: 'काळ्या पेटीतला ब्रश सिंथेटिक नाही, डुकराच्या केसांचा आहे. आम्ही चुकीचं सांगून विकला. परत आणा, पैसे घेऊन जा. आम्ही माफी मागतो.' शेजारचे शेठ धावत आले, म्हणाले, अगं पोरी, असं कोणी लिहितं का, गुपचूप माल काढून टाक. पण गुपचूप काढून टाकला असता तर ज्यांच्या घरात तो ब्रश आहे त्यांचं काय? लोक आले. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. एक जैन आजोबा आले, ब्रश कागदात गुंडाळून चिमटीत धरून आणला होता, काउंटरवर ठेवला आणि पैसे न घेताच गेले. एक न्हावी म्हणाला, ताई, मला चालतो, पण मेला गळतो फार. सगळ्यांना मी पाणी दिलं आणि प्रत्येकाला सांगितलं, चुकलं. दुकानदारी म्हणजे काय ते मला बाबा जाऊन इतक्या वर्षांनी त्या दिवसांत कळलं.

आणि एकजण आला तो मात्र ब्रश परत करायला आलाच नव्हता. तुझा मित्र मिथुन. पाटी वाचून हसत हसत आत आला, काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "कल्पेशने बरी जिरवली त्यांची. एक नंबर!" त्याला वाटलं, मीही हसेन. तुला खरं सांगते, त्या ब्रशाच्या वासापेक्षा मला ते हसणं घाण वाटलं. मी त्याला म्हटलं, तुला या दुकानात साबणाची वडीसुद्धा मिळणार नाही, उतर पायरी. तो म्हणाला, गंमत केली ताई. आई मागून उठून पुढे आली. तिने झाडू हातात घेतला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. म्हणाली, "गंमत तुज्या घरी कर. जा." तू पैशासाठी खोटं बोललास हे मला माहीत आहे. कोणाची जिरवायला नाही बोललास. पण तुझं खोटं कोणाच्या कामी आलं ते बघ. अशा माणसाला तू हसायला कारण दिलंस.

तू माझा नंबर बंद केल्यावर मी तुझ्या भाऊजींच्या फोनवरून पेटीवरच्या तुझ्या त्या ग्राहक सेवेला मेसेज केला, हे तुला कळलं होतं का? लगेच उत्तर आलं. 'नमस्कार, मी अनुया. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे', पुढे दोन फुलं. मी लिहिलं, ब्रश डुकराच्या केसांचा निघाला. अनुयाने लिहिलं, 'आम्ही खातरी देतो, आमचा माल शंभर टक्के सिंथेटिक आहे.' खातरी! लहानपणापासून तू 'खात्री' हा शब्द असाच लिहितोस, बाबांनी त्यावरून तुझे कान किती वेळा धरलेत. मुलीचं नाव घेऊन, फुलं टाकून, लोकांच्या तक्रारी परतवणारा माझा भाऊ! मी लिहिलं, अनुया, तुला बहीण आहे का गं? मग तोही नंबर बंद झाला.

बाबांचा वाडगा मी पुन्हा शोधून काढला होता; त्याच्याकडे आणि फोनवरच्या या अनुयाकडे मी कितीतरी वेळ आळीपाळीने बघत बसले. एकाच घरातून दोन्ही आलं कसं?

काळ्या पेट्या, दुकानात होत्या तेवढ्या, परत आलेल्याही, मी गोणीत भरून ठेवल्या आहेत. तुझ्या दारात आणून ओतायच्या असं मनात होतं. नाही आणणार. भावना झाडत बसेल. कचऱ्याच्या गाडीत टाकेन. यापुढे ठमाई स्टोअर्समध्ये तुझा माल येणार नाही. तुला ऑनलाइन काय विकायचं ते वीक, पण पेटीवर दुकानाचं नाव छापायचं नाही, आईचं तर नाहीच. आणि आईबद्दल सांगायचं तर ती तुझ्यावर ओरडली नाही, रडली नाही, तुला वाटत असेल तसा उपासही धरला नाही. तुझ्या शपथेने आपलं काही वाईट होईल असली भीती तिला नाही. ती फक्त हल्ली दुकानात येत नाही. मी कारण विचारलं तर कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "ब्रश नाय इकला त्यानं. मनाच इकला, सोताच्या आईला." ते वाक्य मी तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते एकटीने वागवणं मला आता जड झालंय.

एवढं सगळं तुला वाचायला लावलं, कारण एरवी तुला पुढचं कळलं नसतं. काल दुपारी गनीचाचा दुकानात आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी, रिक्षातून उतरताना सून हात धरून होती. मला वाटलं, आता पंचायत, पोलीस, काहीतरी. मी उभी राहिले. ते म्हणाले, "मंगळवारी हजला निघतोय, बेटी. जाण्याआधी ज्याचं मन दुखवलं त्याची माफी मागून जायचं असतं. त्या दिवशी काशिरामची लेक माझ्या दारात आली आणि मी तिला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. माफ कर." मग त्यांनी विचारलं, "तुझा भाऊ कुठे असतो? त्याला मी बद्दुआ दिली होती. ती मनात घेऊन मी अल्लाच्या दारात कसा उभा राहू? त्याचीही माफी मागायची आहे. पत्ता दे, मी जातो त्याच्याकडे." कल्पेश, ते तुझी माफी मागायला निघाले होते. त्या सुजलेल्या गुडघ्यांनी. मी पत्ता दिला नाही. म्हटलं, चाचा, तुम्ही येऊ नका, तोच येईल. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि शपथ मी घेतली नाही, कारण तुझ्याबद्दल शपथ घेण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, ते कधी होईल मला ठाऊक नाही, आणि आईचं तर तिलाच ठाऊक. पण सोमवारी संध्याकाळपर्यंत ते घरी आहेत. जा. फुलं, मिठाई, नवा ब्रश, असलं काही घेऊन जाऊ नकोस. मी बरोबर येणार नाही. आणि त्यांनी माफीसाठी तोंड उघडायच्या आत तू बोल.

तुझीच, अजून तरी,
किशोरीताई